दहा वर्षं कलप लावूनही आताच खाज का सुटते?

तुम्ही लिहिलंय की दहा वर्षं एकच डाय लावताय, पण गेल्या दोन वेळा कानामागे खाज सुटली आणि पापण्या सुजल्या. दुकानदार 'अमोनिया नसलेला घ्या' म्हणतोय. कळकळीने सांगते, डाय बदलून बघू नका, आधी थांबा.

माझ्या आईने अठरा वर्षं कलप लावला. एका रविवारी लावला, सोमवारी संध्याकाळी कपाळ लाल झालं आणि मंगळवारी सकाळी तिचे डोळेच उघडेनात. मध्ये दीड दिवस गेल्यामुळे कलपाचं नावही कुणाच्या मनात आलं नाही. आम्ही आदल्या रात्रीच्या जेवणाला दोष देत बसलो.

काळ्या, गडद तपकिरी कलपात बहुतेक वेळा पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलिनडायअमाईन असतं. याचा रेणू इतका लहान असतो की तो केसात सहज शिरतो. तिथे हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे असे रेणू एकमेकांना जोडले जाऊन मोठे, रंगीत होतात आणि आतच अडकतात. पण हे होईपर्यंत थोडं पीपीडी टाळूतही मुरतं. त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी गप्प बसत नाहीत. त्यांच्यातलं एनएटी-१ नावाचं विकर (एन्झाइम) पीपीडीला एक छोटा रासायनिक गट जोडून त्यातलं बरंचसं निकामी करतं. जे उरतं त्याचं ऑक्सिडीकरण होऊन ते त्वचेतल्या प्रथिनांना चिकटतं. असं बदललेलं प्रथिन त्वचेत पहारा देणाऱ्या लँगरहान्स पेशींना परकं वाटतं. त्या ते लसिका ग्रंथींपर्यंत नेतात आणि तिथे टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी, त्याची ओळख कायमची लक्षात ठेवतात.

ही ओळख पटायला दोन वेळा पुरतात किंवा वीस वर्षंही जातात. एकदा पटली की पुढच्या वेळी टी-पेशी त्वचेत धावून येतात. ती सूज म्हणजे आपल्याच पेशींचा हल्ला. त्यांना जमायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून खाज उशिरा येते.

अमोनियाचं काम केसावरचे खवले उघडणं. त्याने डोळे चुरचुरतात हे खरं, पण तुम्ही सांगताय ती लक्षणं पीपीडीची वाटतात आणि अमोनिया नसलेल्या डब्यातही ते असू शकतं. पीपीडीऐवजी कधी टोल्युइन-२,५-डायअमाईन हे त्याच्यासारखंच रसायन असतं, पण पीपीडी सोसत नाही अशा अनेकांना तेही सोसत नाही. 'काळी मेंदी' तर घेऊच नका. मेंदीच्या पानाचा रंग नारिंगी-तांबडा. मेंदी म्हणून विकलेली पूड तासाभरात केस काळे करत असेल, तर तिच्यात पीपीडी असण्याची दाट शक्यता.

त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट करून घ्या. व्हॅसलीनसारख्या मलमात १ टक्का पीपीडी मिसळून ते पाठीवर ४८ तास चिकटवतात, पट्टी काढल्यावर बघतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. आईच्या पाठीवर रुपयाएवढा लाल, फोडांनी भरलेला डाग उठला होता. तुम्हाला आधीच सूज आलेली आहे, म्हणून घरी थेंब लावून प्रयोग करू नका. सूज पुन्हा आली आणि श्वास घ्यायला त्रास झाला, तर थेट रुग्णालय गाठा.

डॉक्टरांकडे जाताना डायचा डबा सोबत न्या. निदान झालं तर ते दातांच्या डॉक्टरांनाही सांगा, कारण बेन्झोकेन या बधिर करणाऱ्या औषधालाही अशी त्वचा कधी कधी तसाच प्रतिसाद देते.