‘मागू नये’ की ‘मागता येणार नाही’?

प्रश्न : मुलगी एमपीएससी करतेय, तिची उजळणी मी घेते. इंग्लंड १६८९, व्हर्जिनिया १७७६, फ्रान्स १७८९, हक्कांचे सगळे जाहीरनामे सालासकट पाठ आहेत तिला. पण लिहिणाऱ्यांच्याच घरी गुलाम होते म्हणे, मग असल्या कागदांनी राज्यकारभारात फरक तो काय पडला?
– एक वाचक, कराड

उत्तर : म्हणे नाही, होतेच. व्हर्जिनिया या अमेरिकेतल्या राज्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा मुख्यतः जॉर्ज मेसनचा, आणि त्याच्या मळ्यावर गुलाम राबत होते. ‘सगळी माणसं जन्मतः सारखीच स्वतंत्र’ हे वाक्य ऐकून सभेतले बाकीचे मळेवालेच दचकले, उद्या गुलामांनी हेच पुढे केलं तर काय, म्हणून मग त्यात ‘समाजात सामील होताना’ अशी पाचर मारली, म्हणजे गुलाम समाजात धरलेलेच नाहीत, विषय संपला. चलाखी बघा!

तरी फरक पडला, आणि तो बघायचा तर सालं राहू देत, मुलीला क्रियापदं बघायला सांगा. १६८९ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटनं म्हटलं, अवाजवी जामीन मागू नये, क्रूर आणि भलत्या शिक्षा देऊ नयेत. व्हर्जिनियानं १७७६ ला ते वाक्य जवळपास जसंच्या तसं उचललं, तिथेही ‘नये’च. आता ‘नये’ म्हणजे घरातल्या मोठ्यांचा सल्ला, ऐकला तर ऐकला. १७९१ च्या, अमेरिकन घटनेच्या आठव्या दुरुस्तीत तेच वाक्य आहे पण ‘नये’च्या जागी ‘मागता येणार नाही’ आलं. शिवाय इंग्लंडात मुख्यतः राजाचे हात बांधले होते, पार्लमेंट मोकळंच, अमेरिकेत निवडून आलेल्यांचेही बांधले. आपल्या घटनेतलं कलम १३ त्याच जातीचं, हक्कांच्या आड येणारा कायदा सरकारला करता येत नाही.

हे सहज नाही झालं हं. १७८७ ला फिलाडेल्फियात अमेरिकेची घटना लिहीत होते, तिथे मेसननं हक्कांची यादी घाला म्हटलं तर एकाही राज्यानं बाजूनं मत दिलं नाही, तो चिडला आणि घटनेवर सहीच केली नाही त्यानं. आणि ज्या मॅडिसननं पुढे १७८९ मध्ये काँग्रेसमध्ये या दुरुस्त्या मांडल्या त्यालाही आधी तुमच्यासारखीच शंका होती, कागदी कुंपणाला बहुमत जुमानत नाही म्हणायचा.

फ्रान्सच्या १७ कलमांतलं १६ वं तेवढं वाचा, जिथे हक्कांची हमी नाही आणि सत्तेची वाटणी नाही त्या समाजाला घटनाच नाही, असं सरळ लिहिलंय.

आता गुलामांचं. मॅसॅच्युसेट्स या दुसऱ्या अमेरिकन राज्यानं १७८० ला आपली घटना केली, तिच्या पहिल्याच कलमात सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान, आणि इथे कुणी पाचर मारायची विसरलं की काय देव जाणे. शेफिल्ड गावात जॉन ॲश्ली नावाच्या बड्या माणसाच्या घरी बेट नावाची गुलाम बाई होती. ती उठून थिओडोर सेजविक वकिलाकडे गेली. गंमत अशी की १७७३ मध्ये याच ॲश्लीच्या घरात बसून गावकऱ्यांनी इंग्रजांविरुद्ध ‘माणसं समान, स्वतंत्र’ असे ठराव लिहिले होते आणि लिहिणाऱ्यांत हाच सेजविक होता! १७८१ च्या ऑगस्टमध्ये ज्यूरीनं बेट आणि ब्रॉम नावाचा दुसरा गुलाम यांच्या बाजूनं निकाल दिला, वर ३० शिलिंग भरपाई. दोन वर्षांनी तिथल्या सर्वोच्च कोर्टाचे मुख्य न्यायाधीश कुशिंग यांनीही दुसऱ्या एका खटल्यात ज्यूरीला सांगितलं, गुलामगिरी आणि ही घटना एकत्र नांदू शकत नाहीत.

बेटनं एलिझाबेथ फ्रीमन असं नाव घेतलं. ॲश्लीनं पगारावर परत ये म्हणून सांगितलं, ती गेली नाही, सेजविकांच्या घरी कामाला लागली.