शब्दखेळ : तुम्ही विचारलंत

प्रश्न : ताई, माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं. निवृत्तीनंतर मैत्रिणींबरोबर स्क्रॅबल, म्हणजे हाती आलेल्या सात सोंगट्यांवरच्या अक्षरांतून पटावर इंग्रजी शब्द लावायचा खेळ, खेळायला लागले. इंग्रजी वाचायला अडत नाही, पण सात अक्षरं समोर आली की काही म्हणता काही सुचत नाही. त्यातून क्यू आला तर तो शेवटपर्यंत माझ्याकडेच. ठरावीक अक्षरांचे शब्द शोधायचे कसे? शब्दकोश पाठ करू का?

उत्तर : पाठ करणारे आहेत हो! न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचे जगज्जेते झाले, तेही फ्रेंच बोलता येत नसताना. २०२४ मध्ये स्पॅनिशचंही विजेतेपद घेऊन गेले. त्यांचं त्यांना लखलाभ. तुम्हाला फक्त मैत्रिणींना हरवायचंय.

आपल्याला शब्द पहिल्या अक्षरावरून आठवायची सवय, कारण शब्दकोश तसा लावलेला असतो. खेळताना नेमकं पहिलं अक्षर कुठलं तेच माहीत नसतं. म्हणून शेपटाकडून सुरुवात करा. समजा तुमच्याकडे ए, ई, आय, एन, आर, एस, टी आहेत. आय-ई-आर उचलून उजवीकडे ठेवा. उरले ए, एन, एस, टी. एन पुढे घेतलात की ‘नॅस्टिअर’, ए पुढे घेतलात की ‘अँट्सिअर’, म्हणजे जास्त बेचैन. आता नुसतं ई-आर बाजूला ठेवा : उरलेल्या पाचांचा ‘स्टेन’, म्हणजे डाग, झाला ‘स्टेनर’. एकटा एस शेवटी ठेवलात तर डोळ्यातला रेटिना अनेकवचनी होतो. आणि आर-ई पुढे नेलंत तर ‘रिटेन्स’. अक्षरं तीच सात, आणि साती एकाच खेळीत लावली की वर पन्नास गुण. यातला एकही शब्द तुम्हाला अवघड नाही (‘अँट्सिअर’ सोडा, तो मलाही खेळाबाहेर कधी लागला नाही). आय-एन-जी, ई-डी, ई-एस-टी ही शेपटंही अशीच चाचपायची.

हे काही नवीन नाही. जॉन वॉकर नावाच्या इंग्रजी कोशकारानं १७७५ मध्ये शेवटच्या अक्षराकडून उलटा लावलेला कोश काढला होता. यमकं शोधणाऱ्या कवींची सोय झाली, आपलीही होते.

मात्र एस उधळू नका. शंभर सोंगट्यांत ई बारा आहेत, एस चारच. नुसतं अनेकवचन करून चार-पाच गुण मिळवायला एस खर्च करणारी माणसं मला बघवत नाहीत.

आता तुमचा क्यू. त्याच्यामागे यू हवाच, असं आपल्या डोक्यात शाळेपासून बसलंय. या खेळात नको. क्यू-आय एवढा दोन अक्षरी शब्द चालतो. चिनी विचारातली प्राणशक्ती ती. खेळात चालणाऱ्या शब्दांच्या अमेरिकी यादीत तो २००६ मध्ये आला. आय भरपूर असतात, त्यामुळे दहा गुणांच्या क्यूला वाट मिळते. शिवाय फकीर आणि निकाब क्यू घालून लिहिलेले चालतात, म्हणजे एफ-ए-क्यू-आय-आर आणि एन-आय-क्यू-ए-बी. एस-यू-क्यू म्हणजे अरबी बाजार, यू क्यूच्या अलीकडे. एवढे चार लक्षात ठेवा, बाकीचे नंतर बघू. डाव संपताना क्यू हातात राहिला तर दहा गुण वजा होतात, तेव्हा मोठ्या शब्दाची वाट बघत बसू नका. खरा त्रास व्हीचा आहे. व्ही असलेला दोन अक्षरी शब्द कुठल्याच अधिकृत यादीत नाही. जागा मिळाली की तो आधी घालवा.

प्रश्न : पाच अक्षरी इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायच्या रोजच्या वर्डलमध्ये शेवटची चार अक्षरं हिरवी (म्हणजे बरोबर जागी) होतात, तरी पहिल्या अक्षरापायी मी हरतो. नशीबच म्हणायचं का?

उत्तर : नशीब थोडं, हट्ट जास्त. शेवटी आय-जी-एच-टी ठरलं असेल, तर फाइट, लाइट, माइट, साइट, नाइट, राइट, टाइट आणि एट, इतके उमेदवार उभे. एकेक घालून पाहिलात तर सहा प्रयत्न कुठे पुरणार? त्याऐवजी ‘फिल्म्स’ घाला. उत्तर ते नाही, हे माहीत असूनच. एफ, एल, एम, एस या चौघांची चौकशी एका ओळीत होते. एफ हिरवा झाला तर फाइट, बाकी तिघांपैकी एखादं अक्षर पिवळं (म्हणजे शब्दात आहे, पण जागा दुसरी) झालं तर त्याचा शब्द, कुणीच रंगलं नाही तर अर्धी यादी गळाली. फक्त हार्ड मोड बंद हवा. त्यात मिळालेली अक्षरं पुढच्या शब्दात वापरावीच लागतात.

प्रश्न : शब्द शोधून देणाऱ्या संकेतस्थळांची मदत घेणं ही लबाडी आहे का? आणि स्क्रॅबलमध्ये ‘ओके’ चालतो का? आमच्याकडे यावरून भांडण झालं.

उत्तर : डाव चालू असताना घेतलीत तर लबाडी, संपल्यावर अभ्यास. वनलुक या संकेतस्थळावर माहीत नसलेल्या प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह टाका, कितीही अक्षरं असू शकतील तिथे तारांकन टाका, जुळणारे शब्द समोर येतात. मी हरलेल्या डावातली अक्षरं वहीत उतरवून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी असं शोधते. आधी स्वतः डोकं खाजवायचं, मग यंत्राला विचारायचं; उलट केलंत तर काही लक्षात राहत नाही.

ओ-के चालतो. अमेरिकी कोशात तो २०१८ मध्ये आला, कॉलिन्सच्या, म्हणजे ब्रिटनमध्ये वापरतात त्या, यादीत २०१९ मध्ये. तुमच्यातल्या एकाकडे त्याआधीची आवृत्ती असणार, दुसऱ्याकडे नंतरची. सोंगट्या वाटण्याआधी यादी कुठली आणि कुठल्या वर्षाची, ते ठरवून घ्या.