ताई, हे चामखीळच आहे का?

प्रश्न : ताई, मी 26 वर्षांची आहे, बीड जिल्ह्यात ऱ्हाते. मालक उसाच्या ट्रॅक्टरवर असतेत, हंगामात चार-पाच महिने बाहेर. मागल्या महिन्यात आंघोळ करताना लघवीच्या जागेशी आतल्या बाजूनं हाताला काहीतरी बारीक बारीक लागलं, आरसा धरून बघितलं तर दोन्हीकडं गुलाबी दाणे. दुखत नाही, खाज नाही. एका दवाखान्यात दाखवलं, तिथं अर्धा मिनिट बघितलं न म्हणाले चामखीळ आहे, नवऱ्याकडून आलंय, जाळून टाकू, 6 हजार लागतेल. मोबाईलवर फोटो बघितले तर सगळं तसंच दिसायलंय. शेजारच्या काकू म्हणायल्यात बिबा लाव. मालकाला काय विचारू, का उलट तेच माझ्यावर संशय घेतेल? झोप येईना.

उत्तर : आधी तो बिबा डब्यात परत ठेव. पायाला बिबा उतलेला आपण सगळ्यांनी बघितलाय, पाण्यानं भरलेले फोड, आठ-आठ दिवस चप्पल घालता येत नाही. तिथली कातडी तर पापणीसारखी नाजूक असते, तिथं उतला तर लघवीला बसणं मुश्किल होईल. चुना-सोडा, घोड्याचा केस, व्हिनेगर, मेडिकलवरचं पायाच्या कुरुपाचं औषध, यातलं काहीच नको.

आता दाण्यांचं. न बघता मी नक्की सांगू शकत नाही, पण तू लिहिलंयस ते वाचून मला चामखिळीपेक्षा दुसरंच वाटायलंय. लघवीच्या जागेच्या आतल्या ओठांच्या आतल्या अंगाला बऱ्याच बायांना अंगाच्या रचनेनंच बारीक मऊ दाणे असतेत, त्याला व्हेस्टिब्युलर पॅपिलोमॅटोसिस म्हणतेत. नाव लई मोठं, पण हा रोग नाही. पुरुषांनाही लिंगाच्या टोकाच्या कडेनं तसेच दाणे असतेत न ते पण घाबरून येतेत. फरक कसा ओळखायचा तर बुडाकडं बघायचं. हे दाणे ओळीनं, दोन्हीकडं जवळपास सारखे, एका मापाचे, आजूबाजूच्या कातडीच्याच रंगाचे असतेत न प्रत्येकाचं बूड वेगळं असतं, गायीच्या जिभेवर हात फिरवल्यावर लागतेत ना तसे, फक्त मऊ. चामखिळीचं तसं नसतं, तिथं एकाच बुडातून चार-पाच टोकं फुटलेली असतेत, कोंबड्याच्या तुऱ्यासारखी नाहीतर फ्लॉवरच्या तुकड्यासारखी, इकडं तीन तिकडं एक, कुठलंच माप नाही, बाहेरच्या ओठावर, शौचाच्या जागेकडं पण येतेत न महिन्या-दोन महिन्यात वाढलेली, पसरलेली दिसतेत.

याशिवाय पिवळट-पांढरे बारीक ठिपके, कातडी ताणली की जास्त दिसणारे, त्या तेलाच्या ग्रंथी असतेत, त्यांना काहीच करायचं नसतं. ब्लेड मारल्यावर येणाऱ्या पुळ्या केसाच्या मुळाशी येतेत न दुखतेत. मोत्यासारखा दाणा न मधोमध खळगा असंल तर ते मोलस्कम, तो वेगळा व्हायरस. आणि चपट्या, ओलसर, पांढुरक्या गाठी असतील तर सिफिलिस हा संबंधातून लागणारा रोग असू शकतो, त्यासाठी व्हीडीआरएल ही रक्ताची तपासणी करतेत. ते चामखीळ समजून जाळलं तर वरचं जाईल न रोग रक्तात तसाच ऱ्हाईल. म्हणून अर्ध्या मिनिटात जाळायला निघालेल्या माणसाचा मला राग येतो. काही जण तिथं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून पांढरं झालं की चामखीळ म्हणून सांगतेत, पण त्यानं साधे दाणे पण पांढरे पडतेत, त्यावर फार विसंबायचं नाही.

आणि समज खरंच चामखीळ निघाली तरी? ती एचपीव्ही व्हायरसनं होते, त्याचे लई प्रकार. चामखिळी बहुतेक 6 आणि 11 नंबरच्या प्रकारानं येतेत, पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर मुख्यतः 16 आणि 18 नंबरनं होतो. म्हणजे चामखीळ झाली म्हणून कॅन्सर झाला असं नाही. (आपल्या भागात कॅन्सरची भीती घालून बायांच्या पिशव्या किती काढल्या ते बीडवाल्यांना काय सांगायचं, 2019 ला सरकारला त्यासाठी समिती नेमावी लागली.) हा व्हायरस अंगात आल्यावर चामखीळ दिसायला दोन-तीन महिने लागतेत, कधी त्याहून लई जास्त, वर्ष पण जातं. त्यामुळं कोणाकडून, कधी आलं ते कोणताच डॉक्टर बघून सांगू शकत नाही. नवऱ्याकडून आलंय हे त्या दवाखान्यानं कशावरून ठरवलं, काय की. तपासणी होईपर्यंत मालकाशी यावरून भांडू नको.

जिल्हा रुग्णालयात, मेडिकल कॉलेजात असल्या आजारांसाठी सुरक्षा क्लिनिक असतं, तुला अंबाजोगाईचं स्वाराती मेडिकल कॉलेज जवळ पडत असंल तर तिथं जा, तपासणी न औषध फुकट आहे. स्त्रीरोग नाहीतर कातडीच्या डॉक्टरला उजेडात, भिंगातून बघायला सांग. शंका आलीच तर बारीक तुकडा काढून तपासायला पाठवतेत. पाळी चुकली असंल तर आधीच सांग, चामखिळीची काही औषधं पोटुशी बाईला चालत नाहीत. साधे दाणे निघाले तर जाळायचं नाही, क्रीम नाही, घरी यायचं.

प्रश्न : वय 56, निलंगा तालुका. पाळी जाऊन सहा वर्षं झाली. खाली लई खाज, रात्री जास्त, न कातडी पांढरी पडायली. सून म्हणते कोड आहे. गजकर्णाची ट्यूब लावली की चार दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच.

उत्तर : काकू, कोडात नुसता रंग जातो, खाज सहसा नसते न कातडी होती तशीच ऱ्हाते. तुमची कातडी सिगारेटच्या कागदासारखी पातळ, सुरकुतलेली झाली असंल, जरा खाजवलं की चिरत असंल तर लायकेन स्क्लेरोसस नावाचा कातडीचा आजार असू शकतो. हा संसर्गानं होत नाही, कोणाकडून आलेला नाही न कोणाला लागणार पण नाही, सुनेला हे सांगा. त्या ट्यूबमध्ये बहुतेक स्टेरॉइड असतं म्हणून चार दिवस बरं वाटतं, पण ते अर्धवट पडतं. याला जोराचं स्टेरॉइड मलमच लागतं, पण मापात, डॉक्टर सांगतील तितके आठवडे, आधी रोज न मग कमी कमी करत. नाही केलं तर ओठ आक्रसतेत, जागा आवळते. थोड्या जणींना पुढं त्याच जागी कॅन्सर होतो, त्यामुळं खाज थांबली तरी वर्षातून एकदा तरी दाखवत ऱ्हायचं, आणि न भरणारी जखम किंवा टणक गाठ दिसली तर त्याच आठवड्यात जायचं. साबण, डेटॉल बंद करा, साधं पाणी पुरतं. लातूरला दाखवायला जाताना ती ट्यूब सोबत न्या, रिकामी असली तरी, म्हणजे तिच्यात नेमकं काय होतं ते डॉक्टरला कळंल.