जुन्या बुलेटला पुढचा डिस्क ब्रेक: सुरुवातीला एवढंच बघ

भावा, ड्रमवाल्या बुलेटला डिस्क बसवायचं ठरवलंस, छान केलंस. काम तुझ्या आवाक्यातलं आहे, फक्त घाई नको.

सुटे पार्ट गोळा करू नकोस. बुलेट इलेक्ट्रा या मॉडेलचा २८० मिमी डिस्कवाला पूर्ण सेट एकाच गाडीचा घे: शॉकअप, हबसकट चाक, एक्सल, कॅलिपर (डिस्कला पॅडने चिमटीत धरणारा भाग), मास्टर सिलिंडर (लिव्हर दाबला की ऑइल ढकलणारा हँडलवरचा पंप). नवखे इथेच फसतात. मास्टर सिलिंडर एका गाडीचा, कॅलिपर दुसऱ्या गाडीचा, मग लिव्हर एकतर दगडासारखा कडक, नाहीतर थेट ग्रिपला टेकतो. माझे पैसे असेच गेलेत.

बसवताना:
- बॅन्जो बोल्टचे (होज जोडणारा आतून पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर दर वेळी नवे.
- हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघ, होज (ब्रेक ऑइलची नळी) कुठे ताणता किंवा घासता कामा नये.
- डॉट ४ ऑइल (ब्रेक फ्लुइड) सीलबंद डब्यातलंच. टाकीवर सांडलं तर लगेच पाण्याने धू, रंग जातो.

लिव्हर स्पंजसारखा लागतोय म्हणजे आत हवा आहे. अख्खी संध्याकाळ गेली तरी चालेल, कॅलिपरच्या एअर काढायच्या निपलला लावलेल्या नळीतले बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढ. मग आधी गाडी हाताने ढकलून ब्रेक लाव, नंतरच किक मार.

ब्रेडेड होज (स्टीलच्या जाळीची नळी) वगैरे पुढे बघू.