मुलीच्या मतासाठी वडिलांनी माफीनामा लिहून द्यावा काय?

लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावाहून एका वडिलांचे पत्र आले आहे. त्यांची २२ वर्षांची कन्या छत्रपती संभाजीनगर येथील एका सौंदर्यस्पर्धेत उपविजेती ठरली. शेवटच्या फेरीत तिला मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या दुःखाविषयी प्रश्न विचारण्यात आला. तिने सांगितले की दुष्काळ खराच आहे, परंतु आमच्याकडचे कर्ज केवळ पाऊस न पडल्याने होत नाही, लग्नातल्या हुंड्याने आणि मानपानानेही होते, आणि हुंडा घेणारा माणूस शेतकरी असला तरी तो गुन्हेगारच आहे. या उत्तराचा फक्त शेवटचा तुकडा तोडून तो मोबाइलवर फिरवण्यात आला. त्यानंतर पोलीस ठाण्यात तिच्याविरुद्ध अर्ज गेला, ठाण्यातून ‘मुलीला घेऊन या, माफीनामा लिहून द्या’ असा फोन आला, अनोळखी नंबरांवरून जिवे मारण्याच्या धमक्या आणि तिचा चेहरा चिकटवलेले एक अश्लील छायाचित्र आले. भावकीने बैठक घेऊन पुढच्या महिन्यातील मुलाच्या लग्नाला कोणी जायचे नाही असे ठरवले, आणि आयोजकांनी किताब परत मागून तीन लाख रुपये भरपाईची नोटीस पाठवली. मुलीने उत्तरादाखल दुसरी चित्रफीत टाकली असून, पहिला तुकडा फिरवणाऱ्या गृहस्थांचे नाव घेऊन ते स्वतः हुंडाखोर असल्याचे तिने म्हटले आहे. वडील विचारतात: ‘मी तिच्या वतीने माफी लिहून दिली तर विषय मिटेल काय?’

आपण माफी लिहून देऊ नये. आपली कन्या सज्ञान आहे, मत तिचे आहे, आणि त्या मताबद्दल काही लिहून द्यायचे असल्यास ते लिहिण्याचा अधिकारही तिचाच आहे. वडिलांच्या सहीच्या कागदाने तिच्यावरील तक्रार संपत नाही. उलट कुटुंबाने चूक कबूल केली असे दाखवण्यासाठी तोच कागद उद्या पोलीस ठाण्यात आणि भावकीच्या बैठकीत पुढे केला जाईल. मराठवाड्यातील तालुक्याच्या ठाण्यांत असे माफीनामे किती सहजपणे लिहून घेतले जातात हे मी वकिलीच्या काळात पाहिले आहे, आणि ते देणाऱ्या कुटुंबाला त्यांचे ओझे पुढे कितीतरी दिवस वाहावे लागते, हेही पाहिले आहे.

प्रथम तिच्या वाक्याकडे पाहू, कारण आपल्या पत्रात त्याची धास्ती सर्वांत जास्त दिसते. हुंडा प्रतिबंधक अधिनियम, १९६१ च्या कलम ३ प्रमाणे हुंडा देणे आणि घेणे या दोन्हींसाठी किमान पाच वर्षांचा कारावास, आणि पंधरा हजार रुपये किंवा हुंड्याची किंमत यांपैकी जी रक्कम जास्त असेल तेवढा किमान दंड सांगितला आहे. न्यायालयाने विशेष कारणे नोंदवली तरच कारावासाची मुदत कमी करता येते. हा कायदा घेणाऱ्याचा व्यवसाय विचारत नाही. म्हणजे आपल्या कन्येने मंचावर जे सांगितले ते कायद्याने पासष्ट वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे. ते ऐकून कोणाला राग आला असेल, आणि दुष्काळात पीक व माणूस दोन्ही गमावलेल्या घरांना ते टोचलेही असेल. ती वेदना खरी आहे आणि तिचा मान ठेवलाच पाहिजे. तथापि राग येणे आणि गुन्हा घडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अर्जात भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६, २९९ आणि ३५६ यांचा उल्लेख असल्याचे आपण कळवले आहे. कलम २९९ धर्म किंवा धार्मिक श्रद्धा यांच्या हेतुपुरस्सर अपमानाविषयी आहे आणि त्याचा येथे काहीही संबंध नाही. कलम १९६ गटागटांत वैर वाढवण्याविषयी आहे. या कलमाच्या जुन्या रूपाचा, म्हणजे भारतीय दंड संहितेच्या कलम १५३-अ चा, अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये बिलाल अहमद कालू यांच्या प्रकरणात स्पष्ट केले की, त्यासाठी किमान दोन गट किंवा समाज असावे लागतात आणि एकाला दुसऱ्याविरुद्ध चिथावलेले असावे लागते. हुंडा घेणाऱ्यावर टीका केल्याने असे दोन गट उभे राहत नाहीत. कलम ३५६ म्हणजे बदनामी. ती एखाद्या समूहाचीही होऊ शकते, पण तो समूह निश्चित आणि ओळखता येण्याजोगा हवा, आणि ‘शेतकरी’ हा शब्द कोट्यवधी माणसांना लागू होतो. शिवाय बदनामी हा अदखलपात्र गुन्हा असल्याने त्यासाठी पोलिसांना थेट एफआयआर नोंदवता येत नाही. ज्याची बदनामी झाली त्याने स्वतः न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर फिर्याद करावी लागते.

आपल्या प्रकरणाच्या अगदी जवळचा एक निकाल सांगणे आवश्यक आहे. अभिनेत्री खुशबू यांनी २००५ मध्ये एका नियतकालिकाशी बोलताना विवाहपूर्व शरीरसंबंधांविषयी मत मांडले होते, आणि त्यावरून तमिळनाडूत त्यांच्याविरुद्ध ठिकठिकाणी मिळून २३ फौजदारी तक्रारी दाखल झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल २०१० रोजी त्या सर्व रद्द केल्या. समाजातील अनेकांना न पटणारे मत मांडणे हा गुन्हा नव्हे, आणि नैतिकतेच्या कल्पना माणसागणिक वेगळ्या असताना फौजदारी कायद्याचा वापर त्या लादण्यासाठी करता येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. अलीकडे २८ मार्च २०२५ रोजी कवी आणि खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की, शब्दांचा परिणाम खंबीर आणि समंजस माणसाच्या दृष्टीने जोखायचा असतो, प्रत्येक टीकेत धोका पाहणाऱ्या डळमळीत मनाच्या माणसाच्या दृष्टीने नव्हे. ही कसोटी मूळची आपल्याच राज्यातील आहे. नागपूरच्या तत्कालीन उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी ती घालून दिली होती. प्रतापगढी यांच्या याच निकालाने पोलिसांनाही सांगितले की, बोलण्या-लिहिण्यावरून तीन ते सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा सांगितला जात असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या, कलम १७३(३) खाली पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने आधी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करणे उचित आहे. आपले लेखी उत्तर या चौकशीच्या टप्प्यावरच, संपूर्ण उत्तराच्या चित्रफितीसह, ठाण्यात पोहोचले पाहिजे.

फोनवरून बोलावले म्हणून मुलीला ठाण्यात नेऊ नये. नोटीस लेखी मागावी. साक्षीदार म्हणून विचारपूस करायची असेल तर स्त्रीला तिच्या राहत्या जागेखेरीज इतरत्र येण्यास भाग पाडता येत नाही, असे त्याच संहितेच्या कलम १७९ मध्ये म्हटले आहे. आरोपी म्हणून कलम ३५(३) ची लेखी नोटीस आली, तर मात्र तिने वकिलासह दिलेल्या वेळी हजर राहणे आवश्यक आहे, कारण नोटीस न पाळल्यास अटकेला कारण मिळते. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक प्रसंगीही महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. आज अटकपूर्व जामिनाच्या अर्जाची गरज मला दिसत नाही. गुन्हा नोंद झालाच, तर तो रद्द करण्यासाठी छत्रपती संभाजीनगर येथील उच्च न्यायालयाच्या खंडपीठात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली अर्ज करता येईल.

आता तिच्यावर जे घडले आहे त्याकडे वळतो. आपण पत्रात ते शेवटी आणि जवळजवळ संकोचाने लिहिले आहे, परंतु या सर्व प्रकरणात गुन्हा कोणता असेल तर तो हाच. आपली तक्रार ‘धमकी आली’ या वाक्याने सुरू करू नये. धमकीचा गुन्हा अदखलपात्र म्हणून नोंदवून हातात एनसीची, म्हणजे अदखलपात्र नोंदीची, पावती दिली जाण्याची शक्यता असते. तक्रारीच्या आरंभी ते बनावट अश्लील छायाचित्र आणि तिच्या स्त्रीत्वाचा अपमान करणारे संदेश मांडावेत, कारण माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६७ आणि न्याय संहितेचे कलम ७९ हे दखलपात्र गुन्हे आहेत. एका तक्रारीत एक जरी दखलपात्र गुन्हा असला, तरी संपूर्ण प्रकरण दखलपात्र समजले जाते. त्यानंतर जिवे मारण्याच्या धमकीसाठी न्याय संहितेचे कलम ३५१(३) लावण्याची मागणी करावी. त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि नाव लपवून धमकी दिली असल्यास कलम ३५१(४) खाली आणखी दोन वर्षांपर्यंत. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखालील तपास पोलीस निरीक्षक दर्जापेक्षा कमी अधिकाऱ्याला करता येत नाही, म्हणून तक्रार निरीक्षकांच्या नावे द्यावी. ठाण्याने ती घेतली नाही तर स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवावी आणि तिथेही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली अर्ज करावा. छायाचित्र ज्या समाजमाध्यमावर आहे त्याच्या तक्रार अधिकाऱ्याला स्वतः मुलीने आजच लिहावे. अशी बनावट छायाचित्रे काढून टाकण्यासाठी नियमांनी घालून दिलेली मुदत दिवसांची नसून तासांची आहे.

काढून टाकण्याआधी मात्र पुरावा जपावा. ज्या मोबाइलवर संदेश आले तो विकू नये, रिसेट करू नये, त्या ग्रुपमधून बाहेर पडू नये. नंबर, तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यावेत आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र वकिलाकडून तयार करून घ्यावे. हे प्रमाणपत्र किती महत्त्वाचे आहे याचा देशभर दाखला दिला जाणारा निकाल आपल्या जालन्याच्या निवडणुकीतून आला आहे: अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यातील वादात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसाठी ते अनिवार्य ठरवले.

भावकीच्या बैठकीविषयी आपण ‘घरातली बाब’ असे लिहिले आहे. महाराष्ट्रात ती घरातली बाब राहिलेली नाही. सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा २०१६ चा अधिनियम जुलै २०१७ पासून राज्यात लागू आहे, आणि एकाच समाजातील माणसांनी दुसऱ्यावर बहिष्कार घातल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. चिथावणी देणारा आणि मदत करणाराही दोषी ठरतो. एखादा चुलता रुसून लग्नाला आला नाही तर तो गुन्हा नव्हे. परंतु बैठक घेऊन ‘कोणी जायचे नाही’ असे ठरवणे आणि जाणाऱ्याला अडवणे हा गुन्हा आहे. येथे मी आपल्याला लगेच फिर्याद करण्याचा आग्रह करणार नाही, कारण लग्न तोंडावर आहे आणि ही माणसे उद्याही आपल्याच बांधाला बांध लावून राहणार आहेत. बैठक बोलावणाऱ्या वडीलधाऱ्यांना कायद्याचे कलम आणि मुलीच्या संपूर्ण उत्तराची चित्रफीत यांसह वकिलामार्फत एक सौम्य नोटीस पाठवावी. बहुतेकांनी फक्त तुकडाच पाहिला असेल. निर्णय मागे घेतला नाही, तर तक्रार करण्यास कचरू नये.

आयोजकांची मागणी मला कमकुवत वाटते. प्रश्न त्यांनीच विचारला, उत्तर त्यांच्याच मंचावर दिले गेले, आणि ते ऐकूनच परीक्षकांनी तिला उपविजेती ठरवले. तेच उत्तर आता ‘स्पर्धेची प्रतिमा मलिन करणारे वर्तन’ म्हणणे टिकणे अवघड आहे. करारात तीन लाखांचा आकडा लिहिलेला असला तरी करार अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे न्यायालय तो आकडा कमाल मर्यादा मानून केवळ वाजवी भरपाई देते. एक सावधगिरी मात्र हवी. २००९ च्या मिस यूएसए स्पर्धेत कॅरी प्रेजीन यांनी समलिंगी विवाहाविषयी दिलेल्या उत्तरावरून मोठा वाद झाला आणि पुढे त्यांचा मिस कॅलिफोर्नियाचा किताब काढून घेण्यात आला, तेव्हा आयोजकांनी कारण मताचे न देता कराराच्या भंगाचे दिले होते. धमक्यांमुळे आपली कन्या आयोजकांच्या एका कार्यक्रमाला गेली नाही असे आपण लिहिले आहे. ती का गेली नाही, हे तिने त्यांना आजच लेखी कळवावे आणि त्याच पत्रात संपूर्ण उत्तराची मूळ चित्रफीत मागावी.

राहिली तिची दुसरी चित्रफीत, आणि येथे मी तिची बाजू घेऊ शकत नाही. पहिले उत्तर हे मत होते. दुसऱ्या चित्रफितीत एका ओळखता येणाऱ्या माणसावर गुन्ह्याचा आरोप आहे. तो खरा असून लोकहितासाठी केला असेल तर बचाव आहे, पण तो सिद्ध करण्याची जबाबदारी तिच्यावर येईल, आणि ‘गावात सगळ्यांना माहीत आहे’ हा पुरावा नव्हे. कागद किंवा साक्षीदार नसतील, तर त्या चित्रफितीची प्रत स्वतःजवळ ठेवून तिने ती काढून टाकावी आणि केवळ त्या एका आरोपापुरते शब्द मागे घेत असल्याचे एका वाक्यात जाहीर करावे. मंचावरील उत्तराविषयी त्या वाक्यात एक अक्षरही येता कामा नये. हा मसुदा वकिलाकडून तपासून घ्यावा; स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील देण्याची तरतूद १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमात आहे, आणि लातूरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारातील प्राधिकरणाच्या कार्यालयात त्यासाठी तिने स्वतः अर्ज करावा.