खात्री करणं तुझं काम नाही

प्रिय पोरी,

तुझा रात्रीचा मेसेज सकाळी वाचला. लांबलचक लिहिलंस ते बरं केलंस. सगळ्याची उत्तरं देत नाही, कारण त्यातलं एकच वाक्य सकाळपासून माझ्या डोक्यातून जात नाहीये. 'मावशी, आता पूर्ण खात्री झाल्याशिवाय मी दवाखान्यात जाणार नाही.'

हे वाक्य आधी पुसून टाक.

काय झालं ते मला कळलं. रात्री पोटात कळा येऊन राहिल्या म्हणून तुम्ही नागपुरात मानेवाड्याहून धंतोलीच्या दवाखान्यात धावलात. तपासलं तर पिशवीचं तोंड जेमतेम एक बोट उघडलेलं. घरी जा म्हणाले. बाबांनी बिल भरलं, वहिनी गाडीत म्हणाली गॅस झाला असेल, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ही गोष्ट पुण्याला तुझ्या सासरी पोहोचली. तुला लाज वाटली. पहिलटकरणीला या एका लाजेपायी गप्प बसताना मी इतक्या वेळा पाहिलंय की आता मला तिचा राग येतो. तुझा नाही, त्या लाजेचा.

नीट ऐक. खात्री करणं तुझं काम नाही. तुझं काम शंका घेऊन निघण्याचं. खात्री करायला तिथे बीपीचं यंत्र आहे, बाळाचे ठोके ऐकायची सोय आहे, हात लावून तपासणारी माणसं आहेत, आणि ती त्यासाठीच रात्रभर जागी असतात. घरात जळका वास आला तर आधी ज्वाळा दिसू दे म्हणून कोणी बसून राहत नाही.

त्या रात्री काय काय झालं ते तूच लिहिलंयस. बीपी पाहिला, नॉर्मल. पोटाला दोन पट्टे बांधून वीस मिनिटं एनएसटी, म्हणजे बाळाच्या ठोक्यांचा आलेख, काढली, ठोके चांगले. पाणी जात नाही, अंगावर लाल जात नाही. म्हणजे अर्ध्या रात्री तुला कळलं की तुम्ही दोघं ठीक आहात. आणि घरी याला 'काही निघालं नाही' म्हणतात! अगं, काही न निघण्यासाठीच तर जायचं असतं. परत पाठवलं तेही योग्यच केलं. पहिल्या बाळंतपणात सुरुवातीचे तास फार लांबतात, चांगल्या कळा सुरू होऊनही तोंड चार-पाच सेंटिमीटर उघडायला कितीतरी वेळ जातो. तो वेळ वॉर्डच्या खाटेवर काढण्यापेक्षा घरी जेवून, चालून, आईशी बोलून काढलेला बरा. तिथल्या सिस्टरने तुला हाकललं नाही. तिने तुला तपासून घरी पाठवलं, आणि त्या 'तपासून'मध्ये सगळं आलं.

कळांचं थोडक्यात सांगते, कारण हे तुला डॉक्टरांनी सांगितलंच असणार. पोट कडक होतं, सैल पडतं, कधी दहा मिनिटांनी, कधी अर्ध्या तासाने, पाणी पिऊन कूस बदलली की थांबतं, तर ती तयारी चाललीय. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, अंगातलं पाणी कमी पडलं की अशा कळा जास्त येतात. म्हणून दिवसभर पाणी, ताक, पन्हं चालू ठेव. खऱ्या कळा तुझं ऐकत नाहीत. चाललीस काय, पडलीस काय, त्या येतातच, जवळ जवळ येत जातात, आणि कळ चालू असताना तुला वाक्य पुरं करता येत नाही. पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या, असं तासभर चाललं की निघायचं. आणि हा हिशोब जमला नाही, मोजता मोजता घाबरलीस, तरी निघायचं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. कळा सुरू झाल्यावर निघायला उशीर झाला तर बहुतेक वेळा निभावून जातं. बाळाच्या हालचालीचं तसं नाही.

तुझी आई म्हणाली ना, शेवटी बाळाला जागा राहत नाही म्हणून ते कमी हलतं? ती वाईट बाई नाही, तिला तिच्या आईने तेच सांगितलं. पण ते खरं नाही. हालचालीची तऱ्हा बदलते. आधी लाथा लागायच्या, आता कूस वळते, कोपर सरकतं, पोट एका बाजूला उचललं जातं. पण हालचाल कमी होत नाही आणि थांबत तर नाहीच. तुझं बाळ कधी जागं असतं, जेवणानंतर किती नाचतं, रात्री कूलर लावून पडलीस की काय करतं, हे जगात फक्त तुला ठाऊक आहे. सोनोग्राफीवाल्या डॉक्टरला नाही, तुझ्या आईला नाही, मला तर नाहीच. त्यात फरक वाटला तर डाव्या कुशीवर शांत पड आणि लक्ष दे. दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या नाहीत तर निघ. आणि दोन तास थांबायलाच मन घेत नसेल तर थांबूच नकोस. गोड खाऊन बघ, थंड पाणी पिऊन बघ, पोट हलवून बघ, हे उद्योग करत रात्र काढायची नाही. कुणी ठोके ऐकायचं घरगुती मशीन आणून दिलं तर ते कपाटात ठेव. ठोके ऐकू आले म्हणजे बाळ बरं आहे असं होत नाही, आणि कित्येकदा तर आईचीच नाडी ऐकून लोक निर्धास्त होतात.

एक गोष्ट सांगू की नको, असं बराच वेळ मनात चाललं होतं. सांगतेच. तुला घाबरवायला नाही.

मी लेबर रूमला सिस्टर होते तेव्हाची. एक पोरगी, तुझ्याच वयाची, पहिलंच. दोनदा रात्री आली होती, दोन्ही वेळा सगळं ठीक निघालं. दुसऱ्या वेळी ड्यूटीवरच्या कुणीतरी तिला सगळ्यांदेखत बोललं, 'उगाच येत जाऊ नका, इथे खऱ्या पेशंटना जागा नाही.' पुढल्या आठवड्यात बाळ हलत नाही असं तिला संध्याकाळीच जाणवलं. ती घरी म्हणाली सुद्धा. सासू म्हणाली, काही नाही होत वं, सकाळी पाहू. नवरा म्हणाला, मागच्या वेळी काय बोलले आठवतं ना. मी सकाळी आठला ड्यूटीवर आले तेव्हा ती बाकावर बसलेली होती, आपली पाळी येण्याची वाट पाहत, शांत. ते बाळ हाती लागलं नाही. रात्री आली असती तर वाचलंच असतं, असं मी छातीठोक सांगू शकत नाही, कुणीच सांगू शकत नाही. पण तिला रात्रीच यायचं होतं. तिला कळलं होतं. आणि ती आली नाही कारण दोन वेळा तिची शंका निराधार निघाली होती.

आधीच्या आठवड्यात तिला बोलले त्या रात्री माझी ड्यूटी असती तर, हा विचार माझ्या निवृत्तीनंतरही सुटलेला नाही. मी तिला म्हटलं असतं, पुन्हा ये, दहादा ये. एवढ्या दोन शब्दांचं काम होतं.

त्यानंतर मी बदलले म्हण, हट्टी झाले म्हण. परत जाणाऱ्या प्रत्येक पोरीला मी दारापर्यंत जाऊन सांगायची, काही वाटलं की परत यायचं, विचार करत बसायचं नाही. रात्री मनाला खटकलं की डॉक्टरांना फोन लावायची, तीन वाजले असोत की चार. वरच्यांकडे माझी तक्रार गेली, सिस्टर फार फोन करतात म्हणून. मला बोलावून विचारलं, तुम्हाला एवढ्या वर्षांनी स्वतःचा अंदाज येत नाही का? मी म्हटलं, अंदाज येतो म्हणूनच फोन करते. ते उत्तर उद्धट ठरलं, पण मी बरोबर होते आणि आजही तेच म्हणते. माझ्या शंभर फोनांतले नव्वद विनाकारण ठरले असतील, तर त्या नव्वद बायका सुखरूप होत्या, याचं मला वाईट का वाटावं? लोक अनुभवाचा अर्थ असा लावतात की माणूस घाबरेनासा व्हावा. अनुभवाने मला कशाला घाबरायचं ते शिकवलं. तुझी वहिनी, तुझी मामेबहीण, ज्यांची बाळंतपणं सरळ झाली, त्यांना एकाच बाळंतपणाची माहिती आहे, स्वतःच्या. त्यांच्या हसण्याला किती किंमत द्यायची ते तू ठरव.

म्हणून आणखी काही गोष्टी सांगते ज्यांना घरात हमखास दुसरं नाव मिळतं. पायाला सूज उन्हाळ्यात बहुतेकींना येते, पण चेहरा आणि हात अचानक सुजले, डोकं दुखायचं थांबेना, डोळ्यांसमोर काजवे चमकले, उजव्या बरगडीखाली दुखलं, तर त्याला पित्त म्हणून लिंबू-सोडा प्यायचा नाही. तो वाढलेला बीपी असू शकतो. १४०/९० किंवा त्याच्या वर आकडा गेला की डॉक्टर सावध होतात, आणि तो आकडा अंगाला हात लावून कळत नाही. तळहात-तळपाय खाजून झोप येत नसेल आणि अंगावर पुरळ दिसत नसेल, तर ते घामोळं नाही, यकृताची तपासणी लागते. नागपूरच्या मे महिन्यात ही खाज पावडर लावून दाबून टाकणाऱ्या बायका मी पाहिल्यात. कपडे ओले झाले तर घाम की लघवी की पाणी गेलं, हा वाद घरात घालू नका. पॅड लाव, रंग बघ, आणि जा. हिरवट किंवा पिवळसर असेल, लाल असेल, तर चपला घालतानाच गाडी काढायला सांग.

पैशाचं तू लिहिलं नाहीस, पण बाबांचं बिल तुला टोचतंय हे ओळींतून दिसतं. त्यांच्याशी उघड बोल. आणि पैसा आडवा येत असेल तर गांधीबागेतलं डागा आहे, मेयो आहे, मेडिकल आहे, ही सगळी सरकारी रुग्णालयं, तिथलं बाळंतपणाचं दार रात्रीही उघडं असतं. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, सगळं मोफत आहे, नेण्या-आणण्याची गाडीसुद्धा. तुमचं ठरलेलं हॉस्पिटल बदल असं म्हणत नाही. खर्चाच्या भीतीने घरी बसू नकोस, एवढंच म्हणते.

फोन कसा करायचा तेही शिकून घे. घाबरलेली बाई 'कसंतरी होतंय' म्हणते आणि पलीकडचा माणूस 'सकाळी या' म्हणतो. तू सरळ सांगायचं. पहिलं बाळंतपण, अडतिसावा आठवडा, नऊ वाजल्यापासून बाळाची हालचाल कमी वाटते, मी निघते आहे. 'येऊ का' असं विचारायचंच नाही.

बाळ झाल्यावरही हेच चालू राहील, म्हणून आत्ताच सवय लाव. चिकाचं दूध पहिल्या तासातच पाज. मध, गूळ, घुटी काही नाही, आणि कितीही ऊन असलं तरी सहा महिने पाणीसुद्धा नाही. पण बाळ दूध ओढेनासं झालं, सुस्त पडलं, तळपायापर्यंत पिवळं दिसलं, अंग तापलं किंवा गार पडलं, तर सटवाईची पूजा उरकू दे म्हणून थांबायचं नाही. तुझं रक्त जास्त जात असेल, तासाभरात पॅड भिजत असेल, तर बाळंतिणीला एवढं चालायचंच असं जे कुणी म्हणेल त्यांना म्हणू दे. आणि दोन आठवड्यांनंतरही रडू थांबत नसेल, बाळाकडे पाहावंसं वाटत नसेल, तर ती पण शंकाच. तीही घेऊन जायची.

जावयांना सांग, नेटवर वाचून तिकडून सल्ले द्यायचं थांबवा आणि रजेचा अर्ज आजच टाका. पहिलं बाळ तारखेलाच येईल असा कुणाचा भरवसा नाही, दोन आठवडे अलीकडे-पलीकडे सहज होतं, आणि पुण्याहून नागपूर रात्रीत गाठायला जवळ नाही. तुमच्या गल्लीतल्या ऑटोवाल्याचा नंबर तुझ्या, आईच्या आणि बाबांच्या, तिघांच्या फोनमध्ये असू दे. ॲपवरची गाडी रात्री दोनला येईलच या भरवशावर राहू नका. १०८ नंबर फ्रिजवर चिकटवा. फाईल आणि माता-बाल संरक्षण कार्ड बॅगेत वरच ठेव, कपाटात कुलपाच्या आत नको. हे सगळं आज संध्याकाळी करून टाक, उद्यावर नको.

आईला हे पत्र वाचून दाखव. तिला वाईट वाटेल, माझ्यावर चिडेलही. तिला म्हण, मावशीला फोन कर. मी तिला सांगते की तिने तुला नीट वाढवलंय, तुला तुझं अंग कळतं, आणि रात्री तू 'चल' म्हणालीस की तिने फक्त साडी नीट करून तुझ्यासोबत निघायचंय, एकही प्रश्न न विचारता.

तुझी,
मावशी