व्हॅलेरियनच्या गोळ्यांनी खरंच झोप लागते का? अभ्यासांत काय दिसलं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ५३, पाळी बंद होऊन दोनेक वर्षं झाली. अंथरुणाला पाठ टेकली तरी तास-दीड तास डोळा लागत नाही, आणि पहाटे तीनच्या सुमारास जाग आली की मग झोपेचं नाव नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेली अल्प्राझोलमची (काळजी कमी करणारं, गुंगी आणणारं औषध) ०.२५ मिलिग्रॅमची गोळी अधूनमधून घेता. आता स्टुटगार्टच्या भाच्याने ‘बाल्ड्रियान’ नावाची डबी पाठवली आहे, म्हणजे व्हॅलेरियनच. वनस्पतीचं औषध आहे, सवय लागत नाही, असं त्याचं म्हणणं. तर घ्यावं का, की हे नुसतं मनाचं समाधान?

मी फार्मसी कॉलेजात फार्माकॉलॉजी शिकवतो, डॉक्टर नाही. तेव्हा औषधाबद्दल मोकळेपणाने सांगतो, घ्यायचं की नाही हे तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

आधी निकाल सांगून टाकतो. व्हॅलेरियन घेणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना ‘झोप बरी झाली’ असं वाटतं. पण किती मिनिटांत झोप लागली, किती वेळ टिकली, हे मोजायला गेलं की फरक जवळपास सापडतच नाही. आणि अभ्यास जितका मोठा आणि काटेकोर, तितका फायदा आकसत जातो.

व्हॅलेरियन म्हणजे युरोपात वाढणाऱ्या एका झाडाचं वाळवलेलं मूळ. आमच्या प्रयोगशाळेत त्याची बरणी उघडली की मागच्या बाकावरची पोरंही नाक दाबतात. वास आयसोव्हॅलेरिक आम्लाचा. दिवसभर बुटात राहिलेल्या पायमोज्यांना जो वास येतो त्यातही हेच आम्ल असतं, त्यामुळे वर्गात वर्णन करून सांगावं लागत नाही. हा वास लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

औषधी गुणासाठी ज्याच्याकडे बोट दाखवलं जातं ते व्हॅलेरेनिक आम्ल. मेंदूला शांत करणारं गाबा नावाचं रसायन ज्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या कुलपासारख्या जागेवर, काम करतं, त्याच रिसेप्टरवर हे आम्लही बसतं. ही केवळ कल्पना नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांच्या या रिसेप्टरमधलं एकच अमायनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या माळेतला एकच मणी, बदललं, तर व्हॅलेरेनिक आम्लाचा भीती कमी करणारा परिणाम नाहीसा झाला. काम फार सुंदर आहे. मात्र त्यावरून माणसाला गोळीतून मिळणाऱ्या मात्रेत झोप लागते असं सिद्ध होत नाही. मुळाच्या पाण्यातल्या अर्कात प्रत्यक्ष गाबाही सापडतं, आणि जाहिराती ते ठळक छापतात. पण तोंडावाटे घेतलेलं गाबा रक्तातून मेंदूत फारसं शिरत नाही, हे छापत नाहीत.

आता माणसांवरचे अभ्यास. सुरुवात आशादायक होती. १९८२ साली स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी १२८ जणांना ४०० मिलिग्रॅम अर्क देऊन पाहिला आणि झोप सुधारल्याचं लोकांनी सांगितलं, मुळात झोप कमी असणाऱ्यांनी जास्त. १९९६च्या एका जर्मन अभ्यासात १२१ रुग्णांना ६०० मिलिग्रॅम चार आठवडे दिलं. तिथेही फायदा दिसला, पण तो दिसायला काही आठवडे जावे लागले. आज रात्री गोळी घेतली आणि आजच झोप लागली, असं या औषधाच्या समर्थकांचंही म्हणणं नाही. युरोपीय औषध संस्थेची वनस्पती-औषधांची समितीही तेच म्हणते: परिणाम हळूहळू येतो, त्यामुळे तातडीच्या उपचाराला हे योग्य नाही.

२००६ साली अमेरिकेतल्या एका गटाने तोवरचे १६ अभ्यास, १०९३ रुग्ण, एकत्र तपासले. ‘झोप सुधारली’ असं सांगण्याची शक्यता व्हॅलेरियन घेणाऱ्यांत खोटी गोळी (तुलनेसाठी दिलेली, औषध नसलेली) घेणाऱ्यांच्या १.८ पट निघाली. डब्यांवर आणि वेबसाइटवर जो ‘८० टक्के जास्त’ असा दावा दिसतो तो बहुधा इथून उचललेला असतो. त्याच पेपरात पुढे जे लिहिलंय ते मात्र कुणी उचलत नाही. हा आकडा १६पैकी फक्त ६ अभ्यासांवरून काढलेला आहे, कारण बाकीच्यांनी निकाल त्या रीतीने मांडलेलेच नव्हते. बहुतेक अभ्यासांच्या पद्धतीत मोठे दोष होते. शिवाय निराशाजनक निकाल छापलेच गेले नसावेत, अशी चिन्हंही त्यांना आकड्यांत दिसली. स्थळ बघायला गेल्यावर मुलाकडचे पगार सांगतात, कर्ज सांगत नाहीत, तसलाच हा प्रकार.

पुढे २०१०मध्ये १८ अभ्यासांचा असाच एकत्र हिशेब झाला. लोकांच्या मताप्रमाणे सुधारणा होती. पण झोप लागायला लागणाऱ्या वेळेतला सरासरी फरक निघाला ०.७ मिनिट. म्हणजे बेचाळीस सेकंद, आणि तेही संख्याशास्त्राच्या दृष्टीने शून्यापेक्षा वेगळे म्हणता येत नाहीत असे. तास-दीड तास कूस बदलणाऱ्या माणसाला बेचाळीस सेकंदांचं काय करायचं?

मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतो तो नॉर्वेतला २००७चा अभ्यास. तिथल्या सरकारी टीव्हीवरच्या आरोग्याच्या कार्यक्रमातून प्रेक्षकांनाच आवाहन केलं: झोपेची तक्रार असेल तर इंटरनेटवरून नाव नोंदवा. ४०५ जण सहभागी झाले. दोन आठवडे निम्म्यांना व्हॅलेरियन, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या खोट्या गोळ्या. लक्षात येण्याजोगी सुधारणा झाली व्हॅलेरियनच्या गटात २९ टक्क्यांना, खोट्या गोळीच्या गटात २१ टक्क्यांना. हा फरक योगायोगाने आलेला नाही असं ठामपणे म्हणता येईल इतका मोठा नव्हता. आता उलट बाजूने पाहा. नुसत्या खोट्या गोळीवर पाचातल्या एकाची झोप सुधारली! निद्रानाशात हे नेहमीच घडतं. माणूस सगळ्यात वाईट रात्री चालू असताना उपाय शोधतो, आणि वाईट रात्रींनंतर थोड्या बऱ्या रात्री आपोआपच येतात. त्यात ‘आज औषध घेतलंय’ या दिलाशाने काळजी उतरते. मग श्रेय गोळीला.

आणि इथे तो वास आडवा येतो. खोटी गोळी कशी दिसते हे सारखं करता येतं, वास सारखा करणं अवघड. मोज्यांचा वास आला की माणूस मनात म्हणणारच, ‘आपल्याला खरं औषध मिळालंय.’ मग मोजमाप यंत्राने न करता मतावर सोडलं असेल तर ते मत तेवढं झुकतं. सगळ्या अभ्यासांत असंच झालं असेल असं मी म्हणत नाही, पण मतं सुधारतात आणि मिनिटं सुधारत नाहीत यामागे हेही एक कारण मला दिसतं.

तुमच्या वयाच्या बायकांवरचा एक अभ्यास भाचा कदाचित दाखवेल, म्हणून आधीच सांगतो. २०११ साली इराणमध्ये पाळी थांबलेल्या, ५० ते ६० वयाच्या १०० स्त्रियांवर तो झाला. ५३० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चार आठवडे. झोप सुधारली व्हॅलेरियनच्या गटात ३० टक्क्यांची आणि खोट्या गोळीच्या गटात ४ टक्क्यांची. वाचायला जोरदार. पण मला त्या ३०पेक्षा ४ जास्त खटकतो. नॉर्वेत खोट्या गोळीवर २१ टक्के आणि इथे चारच? पद्धती वेगळ्या आहेत हे मान्य, तरी दुसऱ्या कुणी हाच अभ्यास करून तसाच निकाल दाखवेपर्यंत मी त्यावर पैज लावणार नाही. अलीकडे भारतातही ८० जणांवर आठ आठवड्यांचा एक अभ्यास झाला, २०० मिलिग्रॅम प्रमाणित अर्क वापरून, आणि त्यात फायदा दिसला. तोही छोटाच आहे.

हे सगळं बघून २०१७मध्ये अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने डॉक्टरांना सुचवलं की निद्रानाशासाठी व्हॅलेरियन वापरू नये. शिफारस ‘कमकुवत’ दर्जाची आहे, कारण पुरावाच पातळ आहे. युरोपीय समिती मात्र अल्कोहोलमध्ये काढलेल्या कोरड्या अर्काला झोपेच्या तक्रारीसाठी मान्यता देते. एकाच पुराव्यावरून दोन संस्था दोन टोकांना कशा, असं वाटेल. युरोपात ही मुळी पिढ्यान्‌पिढ्या औषधाच्या दुकानात विकली गेली आहे आणि तिच्याने फारसं नुकसान होत नाही, यालाही तिथे अभ्यासांच्या जोडीने वजन दिलं जातं. माझा कल अमेरिकेच्या बाजूला आहे.

नुकसानीचं म्हणाल तर साधारणपणे डोकेदुखी, पोट बिघडणं, दुसऱ्या दिवशी थोडी गुंगी, क्वचित विचित्र स्वप्नं. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, पण फार दुर्मिळ. एका तरुणीने सुमारे २० ग्रॅम एकदम घेतलं होतं, ती दिवसभरात ठणठणीत झाली. ‘सवय लागत नाही’ हे बऱ्याच अंशी खरं आहे. पण १९९८मध्ये अमेरिकेतल्या एका ५८ वर्षांच्या गृहस्थाची नोंद छापून आली. ते वर्षानुवर्षं दिवसातून पाच वेळा मोठ्या मात्रेत व्हॅलेरियन घेत होते, शस्त्रक्रियेनंतर ते अचानक बंद पडलं आणि त्यांना भ्रम (डॉक्टरी भाषेत डेलिरियम) आणि हृदयाचा त्रास झाला. त्यांना इतर आजारही होते, त्यामुळे दोष सगळा मुळीचा म्हणता येत नाही. तरी पुढेमागे ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे नक्की सांगा.

तुमच्या बाबतीत खरी अडचण अल्प्राझोलमची. १२ निरोगी माणसांना रोज १००० मिलिग्रॅम व्हॅलेरियन दोन आठवडे देऊन पाहिलं, तर अल्प्राझोलमची रक्तातली पातळी किंचितच वाढली. म्हणजे यकृतात दोघांची फारशी भांडणं नाहीत. पण दोन्ही गाबाच्याच वाटेने जातात, त्यामुळे गुंगी एकावर एक चढू शकते. रात्री बाथरूमला उठताना तोल जाणं हे या वयात हसण्यावारी नेण्यासारखं नाही. एकाच रात्री दोन्ही घेऊ नका. आणि ‘आता नैसर्गिक मिळालं’ म्हणून अल्प्राझोलम मनानेच झटकन बंदही करू नका. नियमित घेत असाल तर ती उतरत्या क्रमाने, डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच सोडायची असते.

कुणी म्हणेल परदेशी कशाला, आपली तगर आहे की. आयुर्वेदातली तगर ही हिमालयातली, व्हॅलेरियनच्याच कुळातली मुळी. पण रसायनं तंतोतंत तीच नाहीत. तगरीत व्हॅलेपोट्रिएट नावाची द्रव्यं युरोपीय मुळापेक्षा साधारणपणे जास्त असतात. झोपेबद्दल तिच्यावरचे माणसांतले अभ्यास तर आणखीच थोडे. आणि अंगणात पांढऱ्या फुलांची जी तगर असते तिचा याच्याशी काडीचा संबंध नाही. तिची मुळं उकळून प्यायच्या फंदात कुणी पडू नये.

मग पुरावा आहे कशाला? निद्रानाशासाठीच्या वर्तनोपचाराला, ज्याला डॉक्टर सीबीटी-आय म्हणतात. २०१५च्या २० अभ्यासांच्या एकत्रित हिशेबात झोप लागायचा वेळ सरासरी १९ मिनिटांनी आणि मध्येच जागं राहण्याचा वेळ २६ मिनिटांनी कमी झाला. अभ्यास वेगळे, तरी बेचाळीस सेकंदांशेजारी हे ठेवून बघा. २०१६पासून अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स जुनाट निद्रानाशाला पहिला उपाय म्हणून हाच सांगतं. त्याचा गाभा साधा आणि थोडा जाचक आहे. उठायची वेळ रोज एकच, रविवारीही. झोप खरोखर येईल तेव्हाच अंथरुणावर जायचं, वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसायचं. प्रत्यक्षात साडेपाच तास झोप होत असेल तर अंथरुणात नऊ तास लोळायचं नाही, तो वेळ आधी आवळायचा आणि मग हळूहळू सैल करायचा. पहिले दोन आठवडे दिवसा झापड येते, तेवढ्यात गाडी जपून चालवा.

हे सुरू करायच्या आधी डॉक्टरांशी तीन गोष्टी बोलून घ्या: रात्री अंगातून वाफा निघून घाम येतो का, थायरॉइड तपासलंय का, आणि घरचे म्हणतात का की तुम्ही मोठ्याने घोरता. पाळी थांबल्यावर झोपेत श्वास अडकण्याचा त्रास वाढतो. तो असेल तर गुंगीच्या कुठल्याही गोळीने, मुळीच्या असो वा केमिस्टकडच्या, काम बिघडण्याचीच शक्यता.

एवढं करूनही डबी वापरून बघायची असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर डबीवर ‘ट्रोकनएक्स्ट्राक्ट’ म्हणजे कोरडा अर्क लिहिलंय का ते पाहा. नुसती मुळीची पूड वेगळी, तिचे मिलिग्रॅम अर्काच्या मिलिग्रॅमशी जुळत नाहीत. बऱ्याच डब्यांत होप्फेन आणि मेलिसे म्हणजे हॉप्स आणि लेमन बामही मिसळलेलं असतं, आणि थेंबांच्या बाटलीत अल्कोहोल. औषध म्हणून मंजूर डबीवर मंजुरी क्रमांक असतो, पूरक आहार म्हणून विकलेल्या डबीवर नसतो. युरोपीय समितीची मात्रा ४०० ते ६०० मिलिग्रॅम अर्क, झोपण्याआधी अर्धा ते एक तास. त्या रात्री अल्प्राझोलम नाही, दारू नाही. चार आठवडे वहीत रोज सकाळी झोपेची वेळ लिहून ठेवा. आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यांच्या आकड्यांत फरक पडला नाही, तर भाच्याला दुसरी डबी पाठवू नको म्हणून कळवा.